लाल समुद्रात क्षेपणास्त्र सुटतं, तेव्हा मुरुमच्या शेतकऱ्याची रब्बी का हुकते?

तारीख होती 11 जानेवारी 2024. त्या दिवशी वेळ अमावस्या होती. लातूर, धाराशिव, सोलापूर आणि पलीकडच्या कलबुर्गी, बिदरकडच्या माणसाला या दिवसाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. इकडं तिला सरळ 'येळवस' म्हणतात. बाकी महाराष्ट्राला हा सण फारसा माहिती नाही, पण उमरगा तालुक्यातल्या मुरुमसारख्या गावात त्या दिवशी बाजारपेठ ओस पडते आणि शिवार भरून जातं. कडब्याची कोप, तिच्यात पांडवांची पूजा, हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची बेसनातली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. ज्याचं रान नाही तोही कुणाच्या तरी रानात जेवायला असतो.

लोक जेवून, हुरड्याच्या गप्पा मारून घरी आले, झोपले. आणि 12 तारखेची पहाट व्हायच्या सुमाराला अमेरिका आणि ब्रिटनच्या विमानांनी येमेनमधल्या हुती बंडखोरांच्या तळांवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली.

आता तुम्ही म्हणाल, येळवस कुठं, येमेन कुठं. या दोन गोष्टींचा संबंध काय?

संबंध आहे, आणि तो त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर खताच्या दुकानासमोर दिसला. 2024 च्या रब्बीत महाराष्ट्रासह देशाच्या अनेक भागांत डीएपी मिळेना. मिळालं तर त्याच्यासोबत नको असलेली दुसरी खतं गळ्यात मारली जात होती. ज्याला शेतकरी 'लिंकिंग' म्हणतात, तेच.

युद्ध म्हटलं की डोळ्यांसमोर रणगाडे, सायरन, पडलेल्या इमारती येतात. पण ज्या गावात एकही गोळी सुटत नाही, तिथल्या शेतकरी कुटुंबाचा हिवाळासुद्धा युद्धानं बदलतो. 2022 पासून मराठवाड्यातल्या घरांचं तेच होतंय. फक्त त्याला कुणी युद्ध म्हणत नाही, 'टंचाई' म्हणतात किंवा 'भाव पडले' म्हणतात.

आधी मुरुमचा हिवाळा कसा असतो ते बघू.

मुरुम हे कर्नाटकच्या सीमेला खेटून असलेलं नगर परिषदेचं गाव. स्वतःची बाजार समिती, विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना, श्री माधवराव पाटील महाविद्यालय. आजूबाजूच्या खेड्यांसाठी हेच मोठं गाव. पिकाचं गणित मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखं : पावसाळ्यात सोयाबीन, तूर, उडीद, मूग आणि हिवाळ्यात हरभरा, ज्वारी, थोडा गहू. पाणी असेल त्याचा ऊस.

आता यातली खरी गोम पैशाच्या फिरण्यात आहे. सोयाबीन निघतं दसरा-दिवाळीच्या दरम्यान. ते मोंढ्यावर जातं. त्याच्या पट्टीतून उधारी फिटते, दिवाळीचे कपडे होतात आणि उरलेल्या पैशातून रब्बीचं बी आणि खत येतं. म्हणजे हिवाळ्याच्या पेरणीचं भांडवल पावसाळ्याच्या सोयाबीनमध्ये असतं. सोयाबीनला भाव नाही मिळाला तर हरभऱ्याच्या खतात काटछाट होते. खत वेळेवर नाही आलं तर हातात पैसा असून उपयोग नसतो. युद्धानं दोन्ही बाजूंनी चिमटा काढलाय.

पहिला चिमटा, खताचा.

डीएपीमध्ये 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद असतं. हरभऱ्याला साधारण एकरी एक बॅग लागते. पण स्फुरदाची एक खोड आहे. युरिया पाण्याबरोबर जमिनीत खाली जातो, त्यामुळं तो मागाहून फेकला तरी चालतो. स्फुरद मात्र जिथं पडतं तिथंच बसतं. काळ्या चुनखडीच्या रानात तर जास्तच. म्हणून ते पेरतानाच, बियाच्या जवळ पडावं लागतं. जुन्या लोकांनी तिफणीला दोन चाडी लावली ती याचसाठी, एकातून बी आणि एकातून खत.

याचा अर्थ असा की कोरडवाहू हरभरा पेरायचे जे ऑक्टोबरचे दोन-तीन आठवडे असतात, तेवढ्यात बॅग रानात पोचली तर पोचली. वापसा कुणासाठी थांबत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी 'डीएपीचा रेक लागला' अशी बातमी आली तर ती वाचायला बरी वाटते, रानाला तिचा काही उपयोग नसतो.

आता ही बॅग येते कुठून? भारताला वर्षाला साधारण 100 ते 110 लाख टन डीएपी लागतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त थेट बाहेरून येतं. देशात जे बनतं त्याचाही कच्चा माल, म्हणजे रॉक फॉस्फेट, फॉस्फरिक ॲसिड, अमोनिया, बहुतेक आयातच. मोरोक्को, जॉर्डन, सौदी अरेबिया, रशिया, चीन ही त्यातली मुख्य नावं. पोटॅश तर जवळजवळ सगळंच बाहेरचं, आणि त्यात रशिया आणि बेलारूस मोठे पुरवठादार.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा या यादीतली अर्धी नावं एकदम अडचणीत आली. रशियातून युक्रेनच्या ओडेसापर्यंत जाणारी अमोनियाची पाईपलाईन बंद पडली. बेलारूसचं पोटॅश लिथुआनियाच्या बंदरातून जायचं, तो रस्ता हल्ल्याच्या थोडं आधीच निर्बंधांमुळं बंद झाला होता. युरोपात गॅस महागला म्हणून तिथले अमोनियाचे कारखाने थांबले. 2020 च्या सुरुवातीला टनाला 300 डॉलरच्या आसपास मिळणारं डीएपी 2022 मध्ये 900 डॉलरच्या वर गेलं.

इथं केंद्र सरकारनं काय केलं हे नीट सांगायला पाहिजे, कारण ते छोटं काम नव्हतं. एप्रिल 2022 मध्ये डीएपीच्या एका बॅगेवरचं अनुदान 1,650 वरून 2,501 रुपये केलं. शेतकऱ्याला बॅग 1,350 ला मिळाली. म्हणजे तिची खरी किंमत 3,850 च्या घरात होती. 2022-23 मध्ये देशाचं खत अनुदान अडीच लाख कोटींवर गेलं. हे पैसे दिले नसते तर त्या हिवाळ्यात मराठवाड्यात हरभऱ्याला डीएपी टाकणं परवडलंच नसतं.

पोटॅशच्या बाबतीत मात्र तेवढा हात सैल झाला नाही. हजाराच्या आत-बाहेर असणारी पोटॅशची बॅग 1,700 वर गेली. बऱ्याच शेतकऱ्यांनी पोटॅश टाकणंच सोडलं. ऊसवाल्यांना त्याचा फटका जास्त.

पण अनुदानाची एक मर्यादा आहे. अनुदानानं भाव बांधता येतो, जहाज आणता येत नाही.

नोव्हेंबर 2023 पासून हुतींनी लाल समुद्रातल्या जहाजांवर हल्ले सुरू केले. 19 नोव्हेंबरला तर 'गॅलेक्सी लीडर' हे अख्खं जहाजच पळवून नेलं. सुएझ कालव्यातून येणारी जहाजं मग आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून यायला लागली. केंद्र सरकारच्याच म्हणण्यानुसार खताच्या जहाजांना यात साधारण 6,500 किलोमीटरचा जास्तीचा फेरा पडला. त्यात चीननं स्वतःच्या शेतकऱ्यांसाठी निर्यात आवळली. 2023-24 मध्ये चीनकडून जवळपास 23 लाख टन डीएपी आलं होतं, पुढच्या वर्षी ते साडेआठ लाख टनांच्या आसपास घसरलं.

वर आणखी एक गोष्ट. बाहेर डीएपी महाग आणि इथं विक्रीची किंमत 1,350 ला बांधलेली. मधला फरक अनुदानातून पूर्ण भरून निघत नसेल तर कंपनी तोट्यात माल कशाला आणेल? सरकारनं टनामागं 3,500 रुपयांचं जादा पॅकेज दिलं, पण तोपर्यंत वेळ निघून चालली होती. ऑक्टोबर 2024 उजाडला तेव्हा देशातला डीएपीचा साठा गरजेपेक्षा बराच कमी होता.

दुकानात गेल्यावर दुकानदार सांगायचा, 10:26:26 घेऊन जा. ऐकायला पर्याय वाटतो. पण हिशेब करा. डीएपीच्या बॅगेत 23 किलो स्फुरद, 10:26:26 च्या बॅगेत 13 किलो. तेवढंच स्फुरद द्यायचं तर पावणेदोन बॅगा लागतात. तेव्हा तिची किंमत 1,470 रुपयांच्या आसपास होती, म्हणजे 1,350 चं काम अडीच हजारांवर गेलं. पोटॅश सोबत मिळतं हे खरं, पण ज्याच्या खिशात एका बॅगेचेच पैसे आहेत तो पावणेदोन बॅगा घेत नाही. तो एकच घेतो आणि रानाला कमी खत पडतं. हरभऱ्याचे घाटे भरायच्या वेळी, जानेवारीत, त्याचा फरक दिसतो. तेव्हा कुणी येमेनचं नाव काढत नाही. 'यंदा हरभरा लागला नाही' एवढंच बोलून माणूस गप्प बसतो.

स्वस्त पर्याय नव्हता का? होता. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगा आणि थोडा युरिया मिळून डीएपीच्या एका बॅगेचं काम होतं, वर गंधक मिळतं, जे डाळवर्गीय आणि तेलबियांना चांगलंच. कृषी विभागही हेच सांगत होता. पण तीन बॅगा म्हणजे दीडशे किलो वाहून न्यायचं, पेरणी यंत्रात ते भरायचं. आणि तो सल्ला पोचला टंचाई पडल्यावर. उन्हाळ्यातच सुपर फॉस्फेटचा साठा गावागावांत करून ठेवला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

आता दुसरा चिमटा. हा जास्त खोल आहे आणि याच्यावर बोललं कमी जातं.

युद्धाआधी भारत जेवढं सूर्यफूल तेल आयात करायचा त्यातलं जवळपास 70 टक्के एकट्या युक्रेनमधून यायचं. ती जहाजं काळ्या समुद्रात अडकली. मग एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यातच काही आठवडे बंद केली. तेलाचा डबा भडकला. शहरात, खेड्यात, सगळीकडं.

सरकारनं तेलाचे भाव दाबण्यासाठी आयात शुल्क कमी केलं. कच्च्या तेलावर ते साडेपाच टक्क्यांपर्यंत आधीच आलं होतं. मे 2022 मध्ये तर सोयाबीन आणि सूर्यफुलाच्या प्रत्येकी 20 लाख टन कच्च्या तेलाला दोन वर्षांसाठी शून्य शुल्क जाहीर झालं. संकटात हे करणं चुकीचं नव्हतं.

घोळ पुढं झाला. 2023 च्या मध्यापर्यंत जगात खाद्यतेलाचे भाव मार्च 2022 च्या उच्चांकाच्या निम्म्यावर आले. म्हणजे तेलाच्या बाजारापुरतं युद्ध ओसरलं होतं. पण युद्धासाठी केलेली शुल्ककपात तशीच राहिली. ती वाढवायला 14 सप्टेंबर 2024 उजाडावा लागला. तोपर्यंत बाहेरचं स्वस्त तेल भरभरून येत राहिलं आणि इथल्या सोयाबीनला उठाव राहिला नाही. 2024-25 साठी सोयाबीनचा हमीभाव होता 4,892 रुपये. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या बाजारात शेतकऱ्याच्या हातात 4,000 ते 4,300 पडत होते. ऑगस्ट 2021 मध्ये याच सोयाबीननं लातूरच्या बाजारात दहा हजारांचा भाव बघितला होता, म्हणून तर ते जास्त झोंबलं. विधानसभा निवडणुकीत सोयाबीन हा मुद्दा झाला, सहा हजारांच्या भावाची आश्वासनं दिली गेली.

सगळं खापर युद्धावर आणि शुल्कावर फोडता येणार नाही. ब्राझीलमध्ये विक्रमी पीक आलं. इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणाऱ्या चोथ्यानं पशुखाद्याच्या बाजारात सोयापेंडीची जागा खाल्ली. पेंडीला भाव नाही म्हटलं की सोयाबीनला भाव नाही, कारण सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम 18-20 टक्के आणि बाकी पेंडच. पण शुल्क ही एकच गोष्ट अशी होती की जी दिल्लीच्या हातात होती.

आता एक कागदावरचं घर धरून चला. सहा माणसं, पाच एकर कोरडवाहू, एकरी सहा क्विंटलनं 30 क्विंटल सोयाबीन. महिन्याला चार किलो तेल. युद्धाच्या भडक्यात तेल किलोमागं 50 रुपयांनी महागलं असं धरलं, तर या घराचा वर्षाचा जास्तीचा खर्च 2,400 रुपये. आणि सोयाबीन हमीभावाच्या 800 रुपये खाली विकलं, तर तोटा 24,000 रुपये. तेल स्वस्त ठेवून या घराचे जेवढे वाचले त्याच्या दहापट मोंढ्यावर गेले. शहरातल्या घराचा हिशेब वेगळा, तिथं फक्त पहिला आकडा असतो. सरकारनं युद्धात 'ग्राहक' वाचवला हे खरं, पण मुरुमच्या घरात ग्राहक आणि शेतकरी एकाच चुलीवर जेवतात.

हरभऱ्याचंही थोडंफार तसंच झालं. डाळी महागल्या म्हणून डिसेंबर 2023 पासून पिवळा वाटाणा बिनशुल्क येऊ दिला. तो येतो मुख्यतः कॅनडा आणि रशियातून. बेसनात, फरसाणात तो हरभऱ्याची जागा घेतो. त्याच्यावर 30 टक्के शुल्क लागलं ते 1 नोव्हेंबर 2025 पासून, म्हणजे जवळपास दोन वर्षांनी.

यात एक गोष्ट जुन्या माणसांना खटकते. याच भागात हिवाळ्यात करडई असायची. ज्वारीच्या कडेनं काटेरी करडईचे तास, म्हणजे जनावरं आत शिरत नाहीत आणि घरचं तेलही होतं. करडई दिली की घाण्यावरून वर्षाचं तेल यायचं. सूर्यफूलही लातूर-सोलापूर पट्ट्यात भरपूर होतं. करडईवर सोलापूरला संशोधन केंद्र आहे, वाण आहेत, पण रानातून ती जवळजवळ गेली. काढणीला काटे टोचतात, मजूर मिळत नाही आणि बाजारात पामतेलाच्या भावाशी तिचा टिकाव लागत नाही. आज देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. करडईच्या काळात युक्रेनमध्ये काहीही झालं असतं तरी मुरुमच्या फोडणीला फरक पडला नसता.

युद्धाचा हिवाळा मुरुमला तसा नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा सरकार धान्याची लेव्ही घ्यायचं. पिकलेल्यातला ठरलेला हिस्सा सरकारी भावानं द्यायचा म्हणजे द्यायचा. त्याच्यातून वाचलेली ज्वारी पेवात राहायची. नंतर 1947-48 चा हिवाळा आला, रझाकारांच्या दहशतीचा. सीमेवरच्या गावांतली कितीतरी कुटुंबं उभी पिकं सोडून सोलापूरच्या बाजूला गेली. शेवटी 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गमार्गे आत शिरल्या आणि त्याच दुपारी उमरग्यापर्यंत पोचल्या.

तेव्हाचं युद्ध दारात येऊन कणगीतलं धान्य मागायचं. त्यात जीव जायचे, तेव्हा आजच्या टंचाईशी त्याची बरोबरी करण्यात अर्थ नाही. युक्रेनमधल्या शेतकऱ्याशी तर नाहीच. तिकडं रानात सुरुंग पेरलेत, ऑक्टोबर 2022 पासून वीजकेंद्रांवर हल्ले होतायत आणि बर्फाच्या दिवसांत घरं अंधारात आहेत. मुरुमला रात्रपाळीच्या विजेवर, थंडीत कुडकुडत पाणी द्यायला जावं लागतं हा त्रास आहेच, पण तो युद्धाचा नाही. एक फरक मात्र आहे. लेव्हीच्या काळात काय नेलं आणि कुणी नेलं हे माहिती असायचं. आता 24,000 कुठं गेले हे विचारलं तर अडत्या, व्यापारी, मोंढा, सरकार, ज्याला जे सुचेल ते तो सांगतो.

मग पुढं काय होणार?

2025 चा पावसाळा तर वेगळंच दुखणं घेऊन आला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत धाराशिवमधलं सोयाबीन पाण्यात गेलं. राज्य सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात रब्बीच्या बियाण्यासाठी वगैरे हेक्टरी 10,000 रुपये होते. तिकडं सोयाबीनचा हमीभाव 5,328 झाला. आणि गंमत म्हणजे त्याच्याच आसपास, 30 मे 2025 ला, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून पुन्हा 10 टक्क्यांवर आणलं गेलं होतं.

खताच्या बाजूनं मात्र एक मोठं पाऊल पडलं. जुलै 2025 मध्ये सौदीच्या मादेन कंपनीशी भारतीय कंपन्यांचे करार झाले. वर्षाला 31 लाख टन डीएपी, पाच वर्षांसाठी. चीननं दरवाजा लावला तरी अडणार नाही, हा त्यामागचा हिशेब. शिवाय मादेनचा माल रास अल खैर बंदरातून निघतो. ते आखाताच्या बाजूला आहे, त्यामुळं तिथून भारतात यायला लाल समुद्र लागतच नाही.

त्याला होर्मुझची सामुद्रधुनी लागते. तिच्या एका काठावर इराण आहे. जून 2025 मध्ये इस्रायल आणि इराणमध्ये बारा दिवस युद्ध झालं तेव्हा इस्रायलकडून इजिप्तला जाणारा गॅस थांबला, इजिप्तचे युरिया कारखाने बंद पडले आणि युरियाचे जागतिक भाव काही दिवसांत उसळले. होर्मुझ तेव्हा उघडी राहिली. सौदीची जहाजं तिथून निघतील, मुंद्रा किंवा काकीनाड्याला लागतील, तिथून रेक भरेल, रेकमधून ट्रक आणि ट्रकमधून मुरुमच्या दुकानात बॅगा उतरतील. हे सगळं कोजागरीच्या आत व्हायला पाहिजे, कारण त्यानंतर हरभऱ्याच्या रानातली ओल उडायला लागते.